दुसऱ्या गाळ्याचे टेकू

“पूल पडला, फौजदारसाहेब.” एवढं बोलून गेणबा मुकादम पौडच्या चौकीच्या पायरीवरच बसला. “पयला गाळा पडला. खाली सखू घावली.”

हैबतराव शेडगे यांनी तोंडाशी नेलेली चहाची बशी खाली ठेवली. सदुसष्ट सालातली, वैशाखातली सकाळ होती.

“जिवंत?”

गेणबानं नुसती मान हलवली.

“आणखी कोण होतं?”

“कुनी न्हाई. येकलीच.”

“गाळा आपोआप पडला?”

“आपोआप कसा पडंल? खालचे टेकू काढलेत कुनीतरी. समदे न्हाई, येका अंगाचे. सांजच्याला मी सोता बघितले व्हते, उभे व्हते. रातीत काढले.”

हैबतराव तसे तापट. त्यांची शिंक ऐकली तरी हवालदार टोपी नीट करायचा. पण त्या सकाळी त्यांचा आवाज चढला नाही. टोपी घातली आणि मुकाट्यानं जीपमध्ये जाऊन बसले. त्या ओढ्याचं त्यांना जुनं दुखणं होतं.

माले गावाच्या पुढं, ताम्हिणीच्या वाटेवर हा ओढा. उन्हाळ्यात शेरडं त्यात पाय ओले न करता पलीकडं जातात. आषाढात मात्र हत्तीही उतरणार नाही. पलीकडच्या वाड्या पावसाळाभर पलीकडंच राहतात. गेल्या आषाढात इंजिनिअर अच्युत टिपणीस मोजणीच्या कामाला पलीकडं बिऱ्हाड करून होते. त्यांची बायको कुमुद पोटुशी होती. दिवस भरायच्या आधीच कळा लागल्या. निरोप आला तसे हैबतराव नर्सबाईला जीपमध्ये घालून अलीकडच्या काठावर येऊन थांबले. अलीकडं हैबतराव, पलीकडं टिपणीस आणि मधे पाणी. पाणी उतरेपर्यंत आई गेली आणि बाळही गेलं.

दुसरा कुणी असता तर बदली मागून पुण्याला निघून गेला असता. टिपणीस गेले नाहीत. याच ओढ्यावरच्या पुलाचं काम त्यांनी मागून घेतलं आणि वाड्यावाड्यांतून सांगून आले, “पुढच्या आषाढात इथून पोटुशी बाई गाडीत बसून जाईल.” लोकांनी त्यांना देवमाणूस म्हणायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

अशा माणसाच्या पुलाखाली कुणी मेलं, याचंच हैबतरावांना जास्त लागलं.

पुलाला दोन गाळे, मधे एक खांब. पहिल्याचा स्लॅब एका अंगानं खाली आला होता. दुसऱ्या अंगाचे टेकू अजून उभे होते, म्हणून तो तिरका अडकून राहिला होता. वरची गोणपाटं ओली होती, त्यांतून थेंब थेंब पाणी गळत होतं. खाली, स्लॅबच्या सावलीत, ओढ्यातला एकच डोह शिल्लक होता. त्याच्या काठाला चेपलेली कळशी पडली होती.

सखूला घोंगडीवर निजवलं होतं. कातकरी वस्तीतली विशीची पोर. तिची आई लिलाबाई पायाशी बसली होती. लेकीचं पाऊल हातात घेऊन ती त्यावरचा चिखल पुसत होती. रडत नव्हती.

हैबतरावांनी टोपी काढली. मग कामाला लागले.

काढलेले टेकू दुसऱ्या गाळ्याजवळ आणून ठेवले होते. टेकूच्या बुडाशी लाकडाच्या पाचरी ठोकून तो घट्ट करतात, पाचर उडवली की टेकू सुटतो. त्या पाचरी हैबतरावांनी उचलून पाहिल्या. घणाचे घाव पाचरीवर कमी आणि टेकूच्या अंगावर जास्त होते. एक-दोन ठिकाणी तर लाकडाच्या पार चिंध्या झाल्या होत्या. शेजारी घण पडला होता, दांड्याला तांब्याची पट्टी मारलेला.

“हा कुणाचा?”

“कोंडाजीचा,” चौकशी करून आलेला हवालदार म्हणाला. “सेंट्रिंगचा मिस्त्री. टेकू लावणं, काढणं त्याच्याच हाती. त्याला बसवलाय तिकडं आंब्याखाली. काही बोलत नाही.”

“बांधलायस?”

“पळाला तर?”

“पळणारा माणूस सकाळपासून इथं बसेल का? सोड त्याला!”

हवालदारानं टोपी नीट केली.

टिपणीस आपल्या तंबूत होते. डोळे लाल, दाढीचे खुंट वाढलेले. समोरच्या पेल्यातला चहा केव्हाच निवला होता, वर साय धरली होती. तरी त्यांनी पेला रुमालात धरून उचलला, ओठाला लावला आणि तसाच खाली ठेवला.

“माझी चूक आहे, फौजदारसाहेब. कोंडाजीला मी आवरायला हवं होतं.”

“टेकू त्यानं काढले?”

“दुसरं कोण काढणार? दुसरा गाळा धरायची त्याला घाई झाली होती. टेकू काढा म्हणून मी कुणाला सांगितलेलं नाही.”

“रात्री तुम्ही कुठं होतात?”

“इथंच. झोपलो होतो. धडाका ऐकून उठलो.”

तंबूच्या एका भिंतीवर भला मोठा तक्ता टांगला होता. रंगीत कागदाच्या पट्ट्या टाचण्यांनी लावलेल्या, काही लाल, काही निळ्या.

“हे काय?”

टिपणिसांनी तक्त्याकडं पाहिलं. मग उठले. आवडत्या गोष्टीबद्दल विचारलं की दुःखातला माणूसही उठतो.

“पुलाची सगळी कामं आहेत. एका कामाला एक पट्टी. लांब पट्टी म्हणजे जास्त वेळ. कुठलं काम कशाच्या आधी, तेही ठरलेलं असतं. लाल आहेत त्यांना सवड नाही. त्यांतलं एक रेंगाळलं की सगळा पूल रेंगाळतो. निळ्यांचं थोडं मागंपुढं झालं तरी चालतं.”

“लग्नासारखं,” हैबतराव म्हणाले. “पत्रावळी उशिरा आल्या तरी भागतं. नवरदेवच उशिरा आला की सगळं अडतं.”

“अगदी तसंच. ही लाल पट्ट्यांची, निकडीची वाट शोधायला आता मुंबईत गणकयंत्र आहे. इथून कामं कळवायची, त्यांचा क्रम कळवायचा, वेळ कळवायचा. तिथं कार्डांना भोकं पाडून यंत्रात घालतात. पूल कधी उभा राहील, ते यंत्र छापून देतं.”

“आपण चुकीचं कळवलं तर?”

“चुकीचं उत्तर येतं. यंत्राला ओढा माहीत नसतो.”

“आणि टेकूंचं काय गणित?”

“टेकू एका वेळी एकाच गाळ्याला पुरतील इतकेच आहेत. नवीन लाकूड येणार होतं, आलंच नाही. म्हणून पहिल्याचे सुटल्याशिवाय दुसरा गाळा उभा राहत नाही. पहिला ओतायचा, तो पिकून कडक होईपर्यंत त्यावर पाणी मारायचं. पाणी मारणं संपलं की टेकू काढून दुसऱ्याला लावायचे.”

“पाणी मारण्याची पट्टी कुठली?”

टिपणिसांनी एका लाल पट्टीवर बोट ठेवलं. “ही.”

“बाकीच्या पट्ट्यांवर टोळीचं नाव आहे. हिच्यावर नाही?”

“पाणी मारायला टोळी लागत नाही. तिथं फक्त वेळ जातो.”

“ते कुठवर आलंय?”

“ते संपलं,” टिपणीस म्हणाले आणि पुन्हा खुर्चीत बसले. “दोन दिवस झाले.”

हैबतराव बाहेर आले. उन्हानं डोळे दिपले. पडलेल्या स्लॅबवरच्या गोणपाटांतून अजून पाणी गळत होतं.

आंब्याखाली कोंडाजी मिस्त्री गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. पन्नाशीचा, पलीकडच्या वाडीतला. हाताचे पंजे बाभळीच्या सालीसारखे.

“हा घण तुझा?”

“माजाच.”

“टेकू तू काढलेस?”

कोंडाजी गप्प.

“नाही काढलेस?”

तरी गप्प.

“अरे, तोंडाला कुलूप लावलंयस का? एक पोर मेलीय! हो म्हण नाहीतर नाही म्हण!”

कोंडाजीच्या डोळ्यांत पाणी आलं. “सखू माज्या लेकीबरूबर खेळलीया, सायेब. रोज पाटं मी हितं तोंड धुतूया, ती कळशी भरतीया. रोज मला म्हनायची, मामा, लौकर उटला.”

“मग सांग ना. संध्याकाळी टिपणीससाहेबांशी कशावरून वाजलं तुझं? गेणबानं लांबून ऐकलंय. तू ‘न्हाई, न्हाई’ म्हणत होतास.”

“पुलाचं बोलनं व्हतं.”

“पुलाचं काय?”

कोंडाजीनं वर पाहिलं. “सायेब, तुमी पूल बांदता का?”

“मी फौजदार आहे. पूल कसा बांधू?”

“मग ऱ्हाऊ द्या. मला न्या चौकीवर.”

“जन्माचा डाग लागेल, कोंडाजी. मरेपर्यंत लोक म्हणतील, यानं पोरगी मारली.”

“म्हनू द्यात.”

हैबतराव चिडून काहीतरी बोलणार, तेवढ्यात ओढ्याच्या पलीकडून एक पोरगी हळूहळू खाली उतरताना दिसली. एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेली भाकरी. पोट चांगलंच वर आलेलं. कोंडाजी तटकन उठला.

“तुके! उन्हाची कशाला आलीस? माघारी जा!”

“सकाळधरनं पोटात काय न्हाई तुमच्या, आबा.” तिनं भाकरी ठेवली आणि फौजदाराकडं न बघताच म्हणाली, “माज्या आबांनी न्हाई केलं ह्ये.” मग तिची नजर घोंगडीकडं गेली आणि ती आंब्याला धरून रडायला लागली.

“तुझी लेक?” हैबतरावांनी विचारलं.

“थोरली, तुकाबाई. पयल्या बाळंतपनाला म्हायेरी आनलीया.”

“कधी आहे?”

“आषाडात.”

हैबतराव पलीकडच्या वाडीकडं बघत मिशीवरून हात फिरवत राहिले. कोंडाजी का गप्प आहे, ते त्यांना कळायला लागलं होतं. तो कुणासाठी गप्प आहे, ते मात्र त्यांना कळून घ्यायचं नव्हतं.

पण फौजदारानं मान फिरवून कसं चालेल? ते लिलाबाईजवळ जाऊन खाली मातीतच बसले.

“लिलाबाई, मला विचारायला जड जातंय. पण सांग. सखू इतक्या पहाटे पुलाखाली कशाला गेली?”

“पानी न्ह्यायाला. दुसरीकडं पानी हाय कुटं? ह्यातनं भरायची अन् वर नेऊन वतायची. स्लॅब ओतला तवापासनं. उन्हं यायच्या आत येकदा, मंग दिवसभर.”

“पण पाणी मारायचं काम संपलं होतं ना?”

लिलाबाईचा हात थांबला. “कुनी सांगितलं?”

“साहेब म्हणाले.”

“मंग तिच्या हातावर गूळ कुटं पडला?”

“गूळ?”

“गूळ पडल्याबिगर काम सुटतं व्हय? ती काय आशी काम टाकनारी व्हती?” आणि मग ती माउली हंबरडा फोडून रडली. वस्तीच्या बाया धावल्या. हैबतराव बाजूला झाले आणि त्यांनी गेणबाला हाक मारली.

“गुळाचं काय प्रकरण आहे?”

“रीत हाय हितली. कातकऱ्याला काम देताना सुपारी द्याची, काम संपलं की हातावर गुळाचा खडा ठेवायचा. गूळ घेतल्याबिगर ते काम सोडत न्हाईत. घरात मयत झालं तरी दुसरं मानूस धाडत्यात.”

“सखूला गूळ दिला होतास?”

“कशापायी? स्लॅब वला कच्चा व्हता. सायेब म्हनले असते तवा दिला असता.”

“साहेब म्हणाले नाहीत?”

“न्हाई वो.”

“ती रोज पहाटे डोहावर जाते, हे कुणाकुणाला माहीत होतं?”

“हितल्या शेंबड्या पोराला ठावं हाय! तिच्या कळशीच्या आवाजानं आमी उटतो.”

“टिपणीससाहेबांना?”

गेणबा विचारात पडला. “सायबांचं काय, ते पार रातीला दिवा लावून बसत्यात, सकाळी ऊन डोक्यावर आल्यावर भाईर येत्यात. वैनीसायेब गेल्यापासनं तसंच हाय. अन् रीत त्यांना कोन सांगनार? त्यांचा समदा पूल त्या भितीवर.”

बोलता बोलता गेणबा थांबला. हैबतरावांच्या चेहऱ्याकडं बघून त्याचं तोंड उघडंच राहिलं.

“सायेब... न्हाई. न्हाई, असं कसं?”

“सगळ्यांना बोलाव,” हैबतराव म्हणाले. “टिपणीससाहेबांना मी स्वतः आणतो.”

ओढ्यात सगळे जमले. वस्तीचे लोक, टोळीचे लोक, कोंडाजी, आंब्याला टेकलेली तुकाबाई. टिपणीस एका धोंड्यावर बसले. हैबतरावांना बोलायला सुरुवात करवेना.

“टिपणीससाहेब, सकाळी तुम्ही मला तुमची विद्या शिकवलीत. कुठलं काम कशाच्या आधी, ते मांडायचं. मी तेच शेवटाकडून मांडतो. कुठं चुकलो तर सांगा. चुकलो तर मला बरंच वाटेल.”

टिपणिसांनी मुठी मिटल्या.

“गाळा पडला, कारण टेकू काढले. टेकू दुसऱ्या गाळ्याशी नेऊन ठेवले, म्हणजे काढणाऱ्याला दुसरा गाळा उभा करायचा होता. सखूला मारायचं नव्हतं. तिचं इथं कुणाशी वाकडं नव्हतं. बरोबर?”

“व्हय,” टोळीतलं कुणीतरी म्हणालं.

“मारायचं नव्हतं, तर अर्धे टेकू काढून गाळा तसाच कसा सोडला? पहाटे पोर खाली जाणार, हे ठाऊक असलेला माणूस तिला अडवेल, निदान डोहावर काटे तरी टाकेल. इथं काहीच नव्हतं. म्हणजे ज्यानं टेकू काढले त्याची खात्री होती की खाली कुणी येणार नाही. आणि ती खात्री कधी असेल? पाणी मारायचं काम संपलंय, असं वाटत असेल तरच.”

हैबतरावांनी गेणबाकडं पाहिलं.

“गेणबाला माहीत होतं की काम संपलेलं नाही. गूळ त्यालाच द्यायचा होता. कोंडाजी रोज पहाटे सखूबरोबर याच डोहावर असतो. टोळी तिच्या कळशीनं उठते. इथं असा एकच माणूस आहे, ज्याच्या लेखी पाणी मारणं दोन दिवसांपूर्वी संपलं होतं. आज सकाळी ते त्यानं स्वतः मला सांगितलं. आणि त्या वेळी त्या स्लॅबवरची गोणपाटं गळत होती.”

सगळ्यांच्या माना टिपणिसांकडं वळल्या.

“टेकूवर घणाचे घाव चुकलेत. कोंडाजी आयुष्यभर पाचरी उडवतोय, त्याचे घाव असे चुकतील? घण त्याचा खरा, पण तो रात्री त्याच्या पेटीतून कुणीही उचलू शकतं. आणि ज्यानं जन्मात घण धरला नाही, त्यानं रात्रभर तो चालवला तर तळहाताचं काय होईल? साहेब, सकाळी तुमचा चहा गार होता. तरी तुम्ही पेला रुमालात धरलात.”

टिपणिसांनी हळूच दोन्ही हात उघडले. फोड आलेले, फुटलेले. खाली कातडी लाल.

“अरे देवा,” गेणबा पुटपुटला.

“संध्याकाळी तुम्ही कोंडाजीला टेकू काढायला सांगितलंत. तो ‘न्हाई, न्हाई’ म्हणाला. म्हणून तुम्ही स्वतः काढलेत. आणि कोंडाजीला हे सकाळपासून माहीत आहे.” हैबतराव कोंडाजीकडं वळले. “तू मला विचारलंस, पूल बांधता का. साहेब तुरुंगात गेले तर पूल अर्धा राहील, आषाढात तुझी लेक पलीकडं अडकेल, म्हणून तू त्यांच्या जागी जायला निघाला होतास. खरं की नाही?”

कोंडाजीनं तोंड फिरवलं. तेच उत्तर.

टिपणीस बोलायला लागले तेव्हा आवाज इतका बारीक होता की लोक पुढं सरकले.

“यंत्राचं उत्तर आलं. पूल पावसाच्या आत होत नव्हता. लाकूड येईना. एकच पट्टी अशी होती जिच्यात कुणी काही करत नाही, असं मला वाटलं. पाणी मारण्याची. मी ती कापली. पुन्हा मुंबईला कळवलं. तर आषाढाच्या आधी पूल होत होता. तो कागद घेऊन मी रडलो, फौजदारसाहेब. मला वाटलं, झालं, कुमुद गेली तेव्हा दिलेला शब्द पुरा झाला.”

“आणि काँक्रीट?”

“कच्चं होतं. मला कळत होतं. म्हटलं, एका अंगाचे काढू, दुसऱ्या अंगावर तरेल. हातानं पुन्हा पुन्हा गणित केलं. थोडं कमी भरत होतं. मी म्हटलं, तरेल.”

“कोंडाजीचं नाव का घेतलंत?” आता मात्र हैबतरावांचा आवाज चढला. “चूक एक वेळ समजू. पण गरिबाच्या गळ्यात बांधलीत?”

“मी गेलो तर पूल गेला, एवढंच डोक्यात होतं. मुलगी गेली ती गेली, निदान पूल तरी...” टिपणिसांना आपलेच शब्द ऐकू आले असावेत. त्यांनी फुटलेल्या हातांनी तोंड झाकलं.

गर्दीतून लिलाबाई पुढं आली. लोकांना वाटलं, आता धोंडा उचलेल. हवालदारही पुढं झाला. पण ती टिपणिसांसमोर नुसती उभी राहिली.

“सायेब, माजी पोरगी रोज तितं आसती, ह्ये तुमाला ठावं न्हवतं व्हय?”

टिपणिसांनी मान हलवली.

“रोज तुमच्या तंबूपुढनं वर चढायची. भरल्या कळशीनिशी. कदी बघितली न्हाई?”

“नाही, बाई. माझ्या तक्त्यात ती नव्हती.”

तक्ता म्हणजे काय, ते लिलाबाईला माहीत नव्हतं. तिनं गेणबाकडं पाहिलं, हैबतरावांकडं पाहिलं. कुणीही तिला समजावून सांगितलं नाही. काय समजावणार, कपाळ!

“तुमची बायकू गेली तवा,” ती म्हणाली, “माजी सखू दोन दिस जेवली न्हवती.”

एवढं बोलून ती परत घोंगडीकडं गेली.

गेणबानं कमरेच्या चंचीतून गुळाचा खडा काढला. सखूच्या थंड तळव्यावर ठेवून तिची बोटं मिटवली आणि डोकं जमिनीला टेकून ओक्साबोक्शी रडला. मुकादम रडताना त्या टोळीनं पहिल्यांदाच पाहिला.

हवालदारानं बेड्या काढल्या. फुटलेल्या हातांकडं पाहून हैबतरावांनी त्या परत ठेवायला लावल्या. टिपणीस स्वतःच जीपकडं चालू लागले. गेल्या वर्षी याच माणसाला या काठावर मिठी मारून हैबतराव म्हणाले होते, रडा, मोकळे व्हा. आज रडायची पाळी हैबतरावांची होती आणि तीही सगळ्यांच्या देखत.

“कोंडाजी, तू मोकळा आहेस.”

कोंडाजी ना हसला, ना त्यानं हात जोडले. “मोकळा करून काय करू, सायेब? नवा सायेब येनार कदी, पूल हुनार कदी? म्हैन्यानं पानी येतंय.” त्यानं लेकीकडं पाहिलं. “तुमचं खरं झालं. हिचं काय?”

हैबतरावांनी ओढ्याकडं पाहिलं. कोरडी वाळू, दगड, शेरडांच्या लेंड्या. आज कुणीही चालत जाईल असा ओढा.

“पूल आषाढाच्या आत होत नाही,” ते म्हणाले. “मग पोरीनं आषाढात ओढा ओलांडायचा कशाला? ती आजच अलीकडं येईल. आत्ता, माझ्याबरोबर.”

“कुटं?”

“पौडला. माझ्या घरी. दवाखाना हाकेवर आहे.”

“पयलं बाळंतपन म्हायेरी आसतं, सायेब. लोक काय म्हनतील?”

“मग माझं घर माहेर समज! माझी बायको धोंडाबाई आहे घरी. स्वतःचं मूल नाही तिला. तुझी पोरगी दारात उभी राहिली तर ती मला चार दिवस जेवायला वाढायची विसरेल.” “तिच्या आईलाही घेऊन ये. नाही म्हणू नकोस, कोंडाजी. आज आणखी एक नाही मला ऐकवणार नाही.”

कोंडाजीनं खांद्यावरच्या पंच्यात तोंड खुपसलं.

तुकाबाई जीपपाशी आली आणि थबकली. मागच्या बाकावर टिपणीस बसले होते. दुसरी गाडी नव्हती. ड्रायव्हरनं हैबतरावांकडं पाहिलं, हैबतरावांनी पोरीकडं. ठरवायचं तिनं होतं.

ती पुढच्या बाकावर चढायला लागली, पण पायरी उंच होती. टिपणीस अर्धवट उठले, हात पुढं केला आणि त्या हाताकडं स्वतःच पाहून मागं घेतला. कोंडाजीनं तिला वर चढवलं. टिपणिसांनी आपला कोट काढून घडी केली आणि कडक बाकावर, तिच्या पाठीशी ठेवली. तिनं तो काढला नाही. त्यांच्याकडं पाहिलंही नाही.

रस्ता सगळा खाचखळग्यांचा. ड्रायव्हरनं पहिल्याच वळणावर गाडी दामटली तशी तुकाबाईनं पोटाला हात लावला.

“हळू घ्या,” मागून टिपणीस म्हणाले.

“साहेब, पौडला पोचायला उशीर होईल.”

“होऊ दे,” टिपणीस म्हणाले. “उशीर झाला तरी चालेल.”